जेम्स विल्सन: राज्यघटनेचा मसुदाकार आणि धनकोंपासून पळणारा न्यायमूर्ती

विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवर, दोन्हींवर सही करणारा जेम्स विल्सन सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश असताना कर्जापायी तुरुंगात गेला होता, हे खरं का? खरं असेल तर हेच त्याच्या विस्मरणाचं कारण आहे का? आणि इंटरनेटवर काही जण त्याला घटनेचा खरा शिल्पकार म्हणतात, त्यात तथ्य किती?"

तुरुंगाची गोष्ट खरी आहे, आणि एकदा नव्हे, दोनदा. विस्मरणाचं कारण मात्र तेवढंच नाही. 'खरा शिल्पकार' ही थोडी ताणलेली भाषा आहे, पण फार नाही. आता सविस्तर सांगतो. माझी वकिली दिवाणी बाजूची. जमिनीचे दावे आणि वसुलीचे दावे हेच आयुष्यभराचं काम, त्यामुळे या माणसाकडे मी घटनेच्या अभ्यासकाच्या नजरेनं कमी आणि त्याच्या कर्जाचे कागद चाळणाऱ्या वकिलाच्या नजरेनं जास्त पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो.

विल्सनचा जन्म १७४२ चा, स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यातल्या शेतकऱ्याच्या घरात. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकला आणि विशीत अमेरिकेला निघून गेला. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात थोडे दिवस शिकवलं आणि मग जॉन डिकिन्सनच्या हाताखाली कायदा शिकला. डिकिन्सन तेव्हा त्या भागातलं मोठं नाव. सनद मिळाल्यावर फिलाडेल्फियात बसून अशिलांची वाट पाहण्याऐवजी विल्सन आधी रेडिंगला आणि मग आणखी पश्चिमेला कार्लाइलला गेला. सरहद्दीचा मुलूख, नव्यानं आलेले स्कॉच-आयरिश वसाहतदार, मोजणीचे घोळ आणि एकाच तुकड्यावर दोघातिघांचे हक्क. अशा गावात जमिनीचं काम जाणणाऱ्या वकिलाला मरण नसतं. प्रॅक्टिस भराभर वाढली. तिथंच त्याला जमीन घेण्याचा नाद लागला, आणि पहिल्यापासून उधारीवर. पुढच्या सगळ्या कथेचं बी इथं पेरलं गेलं.

१७७४ मध्ये त्यानं एक पुस्तिका छापली. ब्रिटिश पार्लमेंटला वसाहतींवर कायदे करण्याचा अधिकारच नाही आणि वसाहतींचं नातं आहे ते फक्त राजाशी, असा तिचा मुद्दा. लिहिली होती बरीच आधी, १७६८ च्या सुमारास, पण तेव्हा हे बोलणं फार पुढचं वाटलं असतं. पुढच्याच वर्षी तो काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, गेला. मात्र १७७६ च्या जूनमध्ये स्वातंत्र्याचा ठराव आला तेव्हा हाच विल्सन म्हणत होता की थांबा, माझ्या प्रांतातल्या लोकांनी मला अजून तशी मुभा दिलेली नाही. लोक यावरून त्याला डळमळीत म्हणतात. मला त्यात वकिलाची सवय दिसते: अशिलाच्या सूचना नसताना तडजोडपत्रावर सही करायची नाही. २ जुलैला पेन्सिल्व्हेनियाच्या प्रतिनिधींत फ्रँकलिन, मॉर्टन आणि विल्सन ठरावाच्या बाजूनं, दोघे विरुद्ध, आणि डिकिन्सन व रॉबर्ट मॉरिस हे दोघे मतदानापासून दूर राहिले. तीन विरुद्ध दोन. म्हणजे विल्सन फिरला नसता तर पेन्सिल्व्हेनियाचं मत त्या दिवशी स्वातंत्र्याला मिळालं नसतं. गंमत अशी की दूर राहिलेल्यांपैकी एक त्याचा गुरू होता.

मग युद्धाच्या धामधुमीत त्यानं वैर ओढवून घेतलं. १७७८ मध्ये इंग्रजांनी फिलाडेल्फिया सोडल्यावर इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून खटले सुरू झाले. अब्राहम कार्लाइल आणि जॉन रॉबर्ट्स या दोन क्वेकर (एका शांतताप्रिय ख्रिस्ती पंथाच्या) आरोपींच्या बचावाला विल्सन उभा राहिला. दोघांनाही फाशी झाली. पण जनतेच्या मनात विल्सन देशद्रोह्यांचा वकील ठरला. त्यात महागाई भडकलेली, कागदी चलनाची किंमत मातीमोल झालेली, आणि विल्सन श्रीमंत व्यापाऱ्यांच्या कंपूतला. ४ ऑक्टोबर १७७९ ला हत्यारबंद मिलिशिया, म्हणजे नागरिकांतून उभी केलेली फौज, त्याच्या घरावर चालून गेली. विल्सन आणि त्याचे मित्र आत दारं लावून बसले, खिडक्यांतून गोळीबार झाला. आतल्यांपैकी कॅप्टन कॅम्पबेल ठार झाला, रस्त्यावरही माणसं पडली. शेवटी प्रांताचा अध्यक्ष जोसेफ रीड घोडेस्वार घेऊन आला आणि हे थांबलं. पुढे दोन्ही बाजूंना माफी देऊन प्रकरण मिटवण्यात आलं. त्या घराला लोक 'फोर्ट विल्सन' म्हणायला लागले.

तुम्ही फौजदारी शिकत असाल तर इथं एक गोष्ट टिपून ठेवा. अमेरिकेच्या राज्यघटनेत एकाच गुन्ह्याची व्याख्या आहे, ती देशद्रोहाची. आणि त्यासाठी एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार किंवा भर कोर्टात कबुली लागते. हे कलम ज्या पाच जणांच्या समितीच्या मसुद्यातून आलं त्यात विल्सन होता. बचावाच्या टेबलावर बसून दोन अशील फासावर गेलेले पाहिलेला माणूस असं कलम घट्ट का आवळतो, हे वेगळं समजावायला नको.

आता १७८७ ची फिलाडेल्फियातली घटना परिषद. इथं विल्सनचं काम इतकं मोठं आहे की शिल्पकार म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. बोलण्यात तो दुसरा. त्याच्याहून जास्त वेळा बोलला फक्त गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे). जाड चष्मा, उंच बांधा, बोलणं कोरडं. जॉर्जियाच्या विल्यम पिअर्सनं सहकाऱ्यांची शब्दचित्रं लिहून ठेवली आहेत. त्यात तो म्हणतो की विल्सन लोकांचं लक्ष खेचतो ते वक्तृत्वाच्या मोहिनीनं नव्हे, तर्काच्या जोरानं.

१ जूनचा प्रसंग पाहा. राज्यकारभाराचा प्रमुख कसा असावा यावर चर्चा निघाली. विल्सन उठला आणि म्हणाला, कार्यकारी सत्ता एकाच माणसाच्या हाती असावी. परिषदेतला प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याच्या टिपणात नोंद आहे की यावर बराच वेळ कोणी बोललंच नाही. साहजिक आहे. आत्ताच एका राजाला झुगारून आलेली माणसं ती, आणि परिषदेचा अध्यक्ष वॉशिंग्टन तिथंच बसलेला. त्याच्यादेखत हा विषय काढायचा कसा? फ्रँकलिननं सगळ्यांना मोकळेपणी बोला म्हटलं तेव्हा कुठे तोंडं उघडली, आणि व्हर्जिनियाच्या रँडॉल्फनं याला राजेशाहीचा गर्भ म्हणून झोडपलं. विल्सन हटला नाही. पुढे तो म्हणाला की हा प्रमुख निदान तत्त्वतः तरी थेट लोकांनी निवडावा. ते कोणी ऐकेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यानं मधला मार्ग सुचवला: जिल्हावार मतदारांनी निवडक प्रतिनिधी निवडावेत आणि त्यांनी अध्यक्ष निवडावा. तेव्हा हेही फेटाळलं गेलं. पण उन्हाळा संपता संपता परिषद फिरून फिरून याच वळणावर येऊन थांबली. आज ज्या इलेक्टोरल कॉलेजवर दर चार वर्षांनी वाद होतो त्याचं मूळ हे. त्याला स्वतःला हवी होती थेट निवडणूक.

सिनेटमध्येही तेच. सिनेट लोकांनी निवडावं आणि जागा लोकसंख्येप्रमाणे असाव्यात, असं त्याचं म्हणणं. लहान राज्यांनी समान जागांचा हट्ट धरला तेव्हा तो भडकला: आपण सरकार कुणासाठी बनवतो आहोत, माणसांसाठी की राज्य नावाच्या काल्पनिक जीवांसाठी? हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण सहा वर्षांनी न्यायासनावरून तो हेच बोलणार आहे. परिषदेत तो हरला. सिनेटर थेट लोकांकडून निवडले जायला १९१३ ची सतरावी घटनादुरुस्ती उजाडावी लागली. समान जागा तर आजही आहेत.

जुलैच्या शेवटी आतापर्यंतच्या ठरावांना कलमांचं रूप द्यायला पाच जणांची समिती बसली: रटलेज, रँडॉल्फ, एल्सवर्थ, गोरम आणि विल्सन. साधारण दहा दिवसांत त्यांनी छापील मसुदा परिषदेपुढे ठेवला. विल्सनच्या हस्ताक्षरातले त्या कामाचे कागद आजही शिल्लक आहेत. काँग्रेसच्या अधिकारांची यादी आणि त्याच्या शेवटी 'आवश्यक आणि योग्य' कायदे करण्याचा अधिकार, हे या समितीचं देणं. त्याच्या मसुद्याची सुरुवात 'आम्ही लोक' अशीच आहे, पण पुढे तेरा राज्यांची नावं एकेक करून येतात. ती नावं काढून प्रस्तावनेला आजचं रूप दिलं गव्हर्नर मॉरिसनं, सप्टेंबरमध्ये. तेव्हा 'वी द पीपल विल्सनचं' असं कुणी ठोकून सांगितलं तर अर्धं खरं माना.

कौतुक करणारे एक गोष्ट गाळतात. जागा ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांश धरण्याची तडजोड ११ जूनला परिषदेपुढे आणणारा हाच विल्सन. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा मिळाव्यात म्हणून दक्षिणेची मतं हवी होती, आणि त्यासाठी त्यानं हा सौदा केला. माणसं की काल्पनिक जीव, असं विचारणाऱ्या तोंडून माणसाचे अपूर्णांक निघाले. पुढे पेन्सिल्व्हेनियात घटनेचं समर्थन करताना तो म्हणाला की गुलामांच्या आयातीवर १८०८ नंतर बंदी घालता येणार असल्यानं गुलामगिरी संपवण्याचा पाया घातला गेला आहे. तो अंदाज साफ चुकला.

घटना मंजूर करून घेण्याच्या लढाईत ६ ऑक्टोबर १७८७ ला त्यानं भर चौकात भाषण केलं. नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत का नाही, या आक्षेपाला त्याचं उत्तर होतं: केंद्राला जे अधिकार दिलेले नाहीत ते त्याला नाहीतच, मग त्यावर वेगळी बंधनं कशाला? मुद्दा कायद्याच्या कसोटीवर नेटका, लोकांच्या कसोटीवर कच्चा. पेन्सिल्व्हेनियानं डिसेंबरात ४६ विरुद्ध २३ मतांनी घटना स्वीकारली खरी, पण त्याच महिन्यात कार्लाइलला, म्हणजे जिथं त्याची वकिली उभी राहिली तिथंच, जमावानं त्याचा पुतळा जाळला. चार वर्षांत दहा दुरुस्त्या होऊन हक्कांची सनद आलीच.

१७८९ मध्ये त्यानं एक गोष्ट केली जी माझ्या पिढीतल्या वकिलांना अजून खटकते. वॉशिंग्टनला पत्र लिहून सरन्यायाधीशपद मागितलं. वॉशिंग्टननं ते जॉन जे याला दिलं आणि विल्सनला सहा जणांच्या कोर्टातली एक खुर्ची. पगार वर्षाला ३,५०० डॉलर. हा आकडा हाताशी ठेवा, लागणार आहे.

न्यायाधीश म्हणून त्याचे दोन प्रसंग महत्त्वाचे. पहिला १७९२ चा, हेबर्न प्रकरणाचा. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पेन्शनचे अर्ज तपासायचं काम काँग्रेसनं फिरत्या न्यायालयांवर टाकलं होतं, आणि त्यांचा निर्णय मंत्री व काँग्रेस फिरवू शकत होते. विल्सन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी हे काम करायला नकार दिला. हे न्यायालयीन काम नव्हे, घटनेत बसत नाही, असं अध्यक्षांना लेखी कळवलं. काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा मार्बरीचा निकाल याच्या अकरा वर्षं नंतरचा. तुमच्या पाठ्यपुस्तकात न्यायालयीन पुनर्विलोकन मार्बरीपासून सुरू होत असेल. परीक्षेत तसंच लिहा, पण मनात हे असू द्या.

दुसरा १७९३ चा, चिझोम विरुद्ध जॉर्जिया. साउथ कॅरोलायनाच्या एका व्यापाऱ्यानं युद्धकाळात जॉर्जिया राज्याला माल पुरवला होता, पैसे मिळाले नव्हते. त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक चिझोम यानं सुप्रीम कोर्टात थेट राज्यावर दावा लावला. जॉर्जिया हजरच राहिलं नाही. सार्वभौम राज्यावर दावा चालतच नाही, अशी त्याची भूमिका. कोर्टानं चार विरुद्ध एक असा राज्याविरुद्ध निकाल दिला. विरोधात एकटा जेम्स आयर्डेल, नॉर्थ कॅरोलायनाचा.

विल्सनचं निकालपत्र हे निकालपत्र कमी आणि व्याख्यान जास्त आहे. तो म्हणतो, अमेरिकेच्या राज्यघटनेला सार्वभौम ही संज्ञाच अनोळखी आहे. राज्य हे माणसांनी आपल्या सोयीसाठी बनवलेली कृत्रिम व्यक्ती आहे. माणूस कायद्यापुढे येतो तर त्यानं बनवलेलं राज्य का येणार नाही? आणि मग तो ऐन व्यापारी पेठेतलं उदाहरण देतो. राज्य व्यापाऱ्यासारखं करार करतं. अप्रामाणिक व्यापारी पैसे बुडवतो तसं अप्रामाणिक राज्यही बुडवतं. व्यापाऱ्याला कोर्टात खेचता येतं. मग धनकोनं बोलावल्यावर राज्यानं रूप पालटून 'मी सार्वभौम आहे' असं सांगून त्याचा आणि न्यायाचा अपमान करावा का? मुळीच नाही.

सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने वाट पाहणाऱ्या, आणि शासन प्रतिवादी असताना वसुली किती रडतखडत होते ते अनुभवलेल्या आम्हा लोकांना हा परिच्छेद पाठ करावासा वाटतो. आपल्याकडे घटनेच्या अनुच्छेद ३०० नं सरकारवर दावा लावायची सोय ठेवली, तरी सार्वभौम कृत्याचं कवच किती पुरतं यावर १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणापासून खल चालूच आहे.

अमेरिकेत मात्र निकालावर गहजब झाला. सगळीच राज्यं युद्धाच्या कर्जात होती. जॉर्जियाच्या विधानसभेच्या खालच्या सभागृहानं तर या निकालाची अंमलबजावणी करायला येणाऱ्याला फाशी द्यावी असं विधेयक मंजूर केलं. दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १७९५ मध्ये, अकरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि परराज्यातल्या नागरिकानं राज्यावर केंद्रीय कोर्टात लावायच्या दाव्याचा दरवाजा बंद झाला. विल्सनचं सर्वांत ठाम निकालपत्र दुरुस्तीनं पुसलं गेलं, आणि आज ते वाचतात ते बहुतेक आयर्डेल बरोबर होता का हे ठरवण्यासाठी.

आता कर्जाची बाजू. मी इथं जरा रेंगाळणार आहे, कारण चरित्रकार इथं 'जमिनीचा सट्टा' एवढं म्हणून पुढे सरकतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की माणूस जुगारी होता. तसं नव्हतं. त्या काळी सरकारकडे जमीन अमाप आणि रोकड शून्य. सरकार पडीक मुलुखाचे परवाने स्वस्तात विकायचं, पैसे हप्त्यानं. परवाना घ्यायचा, मोजणी करून घ्यायची, मग पक्का दाखला. एका माणसाला ठरावीक एकरांचीच मर्यादा असेल तर दुसऱ्यांच्या नावावर घ्यायची. बेनामी म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. हप्ते भरायला वचनचिठ्ठ्या लिहून द्यायच्या. त्या चिठ्ठ्या हातोहात फिरायच्या. पहिली जमीन तारण ठेवून दुसरी घ्यायची. सगळा डाव एका गोष्टीवर: युरोपातून वसाहतदार येतील किंवा अॅमस्टरडॅमचे सावकार घाऊक खरेदी करतील, आणि तोवर पत टिकेल. विल्सननं डच भांडवलदारांच्या हॉलंड लँड कंपनीशी पश्चिम पेन्सिल्व्हेनियातल्या लाखो एकरांचे सौदे केले. न्यायाधीश असताना. त्याला आडकाठी करणारा नियम नव्हता, आणि लाजही कुणाला वाटत नव्हती. वॉशिंग्टनपासून पॅट्रिक हेन्रीपर्यंत सगळे जमिनीत होते.

माझं मत असं की त्याचा हा व्यवहार आणि त्याचा घटनाविचार एकाच विश्वासावर उभे होते. लोक येतील, मुलूख भरेल, केंद्र सरकार बळकट झालं की पत वाढेल. १७८० च्या दशकात त्यानं बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाची कायदेशीर बाजू लढवली आणि तिच्या सनदेच्या बचावासाठी काँग्रेसच्या अंगभूत अधिकाराचा सिद्धांत मांडला. त्याच बँकेचा तो कर्जदारही होता. म्हणून कोणी म्हणतं, की सिद्धांत कर्जासाठी रचला. मला उलट वाटतं. ढोंगी माणूस वेळेवर विकून मोकळा झाला असता. हा विकत घेतच राहिला, कारण त्याचा स्वतःच्या भविष्यवाणीवर खराखुरा विश्वास होता. असले अशील सर्वांत अवघड. लबाड अशिलाला तडजोडीला बसवता येतं, श्रद्धाळू अशिलाला नाही.

सर्वांत बोचणारा तपशील याझू नावाच्या जमीन सौद्याचा. जानेवारी १७९५ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळानं पश्चिमेकडचा कोट्यवधी एकरांचा मुलूख एकरी दीड सेंटच्या आसपास भावानं काही कंपन्यांना विकला. आमदारांना लाच दिली गेली होती. पुढच्याच वर्षी नव्या विधिमंडळानं ती विक्री रद्द केली आणि त्यातून निघालेल्या प्रकरणाचा निकाल १८१० मध्ये सुप्रीम कोर्टात लागला. या सौद्यातल्या मोठ्या गुंतवणूकदारांत न्यायमूर्ती विल्सन होते. दोन वर्षांपूर्वी ज्या राज्याला अप्रामाणिक व्यापाऱ्याच्या पंगतीला बसवलं, त्याच राज्याकडून जमीन, तीही असल्या सौद्यात.

१७९६ पासून बाजार कोसळायला लागला. युरोपात युद्ध, आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडनं नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. अटलांटिकपलीकडून येणारा पैसा आटला. वचनचिठ्ठ्या घेऊन लोक दाराशी. घटना परिषदेतला त्याचा सहकारी रॉबर्ट मॉरिस, ज्यानं युद्धाला पैसा पुरवला, तोही याच लाटेत बुडाला आणि १७९८ मध्ये फिलाडेल्फियाच्या दिवाणी तुरुंगात जाऊन तीन वर्षं राहिला. विल्सन न्यू जर्सीत बर्लिंग्टनला पळाला. तिथं एका किरकोळ देण्यासाठी अटक झाली. मुलगा बर्ड यानं सोडवलं. मग तो दक्षिणेकडे निघाला. न्यायाधीशांना तेव्हा घोड्यावरून जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कोर्ट भरवावं लागे, त्यामुळे तिकडे जायला निमित्तही होतं. १७९८ मध्ये तो नॉर्थ कॅरोलायनातल्या एडंटनला पोचला. तिथं पिअर्स बटलरनं त्याला पुन्हा आत टाकलं. बटलर म्हणजे साउथ कॅरोलायनाचा, घटनेवर सही केलेला, फिलाडेल्फियात एकाच दालनात बसलेला गृहस्थ. दाव्याची रक्कम १,९७,००० डॉलर. मघाचा पगाराचा आकडा काढा: छप्पन्न वर्षांचा पगार.

सुटका झाली, पण जायला जागा नव्हती. एडंटन हे आयर्डेलचं गाव. ज्या सहकाऱ्यानं चिझोममध्ये एकट्यानं विरोध केला, त्याच्याच घरच्यांनी या माणसाची विचारपूस केली. विल्सन कोर्टाजवळच्या हॉर्निब्लोच्या खाणावळीत एका खोलीत राहत होता. दुसरी बायको हॅना जवळ होती. पाच वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि हा पन्नाशी ओलांडलेला. आयर्डेलचा मेहुणा सॅम्युअल जॉन्स्टन यानं पत्रात लिहिलं की या दुर्दैवानं त्याच्या भावना अगदीच मेल्या नसतील तर महाभियोगात दोषी ठरण्याची बदनामी तो ओढवून घेणार नाही. म्हणजे राजीनामा देईल. विल्सननं राजीनामा दिला नाही. महाभियोगही चालला नाही. उन्हाळ्यात मलेरिया झाला, नंतर पक्षाघात, आणि २१ ऑगस्ट १७९८ ला पंचावन्नाव्या वर्षी तो न्यायाधीशपदावर असतानाच गेला. जॉन्स्टन कुटुंबाच्या हेज मळ्यात पुरलं. अवशेष फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चला नेले ते १९०६ मध्ये.

काँग्रेसला दिवाळखोरीचा कायदा करायचा अधिकार घटनेत होता. तो कायदा झाला १८०० मध्ये, आणि मॉरिस त्याच्याच आधारानं १८०१ ला बाहेर आला. विल्सनला दोन वर्षं कमी पडली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दिवाणी कैद आजही आहे. फक्त ऐपत नाही एवढ्यासाठी कुणाला आत टाकता येत नाही, हे १९८० च्या जॉली जॉर्ज व्हर्गीस निकालानं स्पष्ट केलं. तुरुंगात गेलेला न्यायाधीश वाचून हसू येत असेल तर हे आठवा.

मग विस्मरण का? लाजेनं सुरुवात झाली, हे खरं. कुणी मोठं मृत्युलेख-भाषण केलं नाही. पण रॉबर्ट मॉरिसही तुरुंगात गेला आणि त्याचं नाव पाठ्यपुस्तकात आहे. माझ्या मते खरं कारण असं की विल्सनच्या जिंकलेल्या गोष्टी समितीच्या नावावर जमा झाल्या आणि हरलेल्या गोष्टी शंभर-सव्वाशे वर्षांनी दुसऱ्यांच्या नावावर आल्या. एकमेव निकालपत्र जे पूर्णपणे त्याचं, ते दुरुस्तीनं गेलं. १७९० च्या डिसेंबरात त्यानं कॉलेजात कायद्यावर व्याख्यानं सुरू केली, पहिल्या दिवशी वॉशिंग्टन आणि उपाध्यक्ष अॅडम्स श्रोत्यांत होते. इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनच्या ग्रंथाच्या तोडीचा अमेरिकन ग्रंथ व्हायचा होता. ती अर्धवट राहिली. मुलानं १८०४ मध्ये छापली, आणि खरं सांगतो, वाचताना दम लागतो. पाठीशी पक्षही उभा राहिला नाही. बळकट केंद्र मागणाऱ्या फेडरलिस्ट पक्षाला तो फार लोकवादी, त्यांच्या विरोधातल्या जेफर्सनवाल्यांना फार श्रीमंतांचा. त्याच्या जागेवर नेमला गेला बुशरॉड वॉशिंग्टन, माजी अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतण्या. हा त्याच्याच ऑफिसात कायदा शिकलेला. फी म्हणून काकांनी शंभर गिनींची वचनचिठ्ठी लिहून दिली होती. पण शिष्य पुढे सरन्यायाधीश जॉन मार्शलच्या सावलीत गेला, गुरूची गादी चालवली नाही.

तुम्हाला यावर निबंध लिहायचा असेल तर चरित्रापासून सुरुवात करू नका. चिझोमचा निकाल काढा. तेव्हा प्रत्येक न्यायाधीश स्वतंत्र मत वाचत असे आणि कनिष्ठापासून सुरुवात होई, म्हणून अहवालात आयर्डेल पहिला येतो. तो आधी वाचा. कलमांना धरून चालणारा, सावध, घटनेच्या मजकुरापेक्षा जुन्या कायद्यात रमलेला. नंतर विल्सन. दोघांच्या मतांत एकेक परिच्छेद असा शोधा की तो बाजूला काढला तर बाकीची इमारत उभी राहणार नाही. मग ११ जून आणि ३० जून १७८७ च्या मॅडिसनच्या नोंदी घ्या, म्हणजे राज्यांना काल्पनिक जीव म्हणणारा आणि माणसांचे तीन-पंचमांश मान्य करणारा एकच वकील तुम्हाला त्याच्याच शब्दांत भेटेल.